करडईच्या तेलाखालचं ऊन

लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी हमखास असा एकजण येऊन बसतो, ज्याला सूर्याबद्दल बोलायचं असतं. कोल्हारच्या पुढे, नगर-मनमाड रस्त्यापासून थोडं आत असलेल्या एका गावातल्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवते, हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. त्यामुळे मसालेभात वाढून होईपर्यंत प्रश्न येतोच. "ताई, सूर्यच जास्त तापायला लागलाय म्हणे?" मी नाही म्हणते. मग तो मोबाईल काढून कुणीतरी पुढे ढकललेला व्हिडिओ दाखवतो, त्यात लाल-पिवळा सूर्य उकळत असतो आणि मागे ढोल वाजत असतो. "बघा, म्हणजे आपल्या हातात काही नाही," असं म्हणून तो आनंदाने जिलबी मागून घेतो.

मला राग येतो तो त्या आनंदाचा. सूर्यावर ढकललं की सगळे मोकळे! ना झाडं तोडल्याचं काही, ना गाड्यांचं, ना कोळशाचं.

खरं काय ते मी निदान शंभर पंगतींत सांगितलं असेल. सूर्याचा उजेड कमी-जास्त होतो, हे खरं आहे. साधारण अकरा वर्षांत तो थोडा चढतो आणि थोडा उतरतो. पण किती, तर हजारात एक भाग. उपग्रहांवरून हे मोजतात, कित्येक वर्षं मोजतायत, आणि त्या सगळ्या वर्षांत सूर्य काही चढत गेलेला नाही. तापमान मात्र चढत गेलं आहे. आता हा हजारातला एक भाग इतका कमी असताना त्याची कशाला पर्वा करायची, असं कुणी विचारलं तर मला फार बरं वाटेल, पण तसं कुणी विचारत नाही. हवामानाचं मॉडेल म्हणजे शेवटी पृथ्वीचा हिशेब असतो, आणि त्या हिशेबात जमेचा पहिला आकडा सूर्याचा. तोच चुकला तर पुढे माणसाने किती बिघडवलं आणि सूर्याने किती, हे वेगळं करता येत नाही. म्हणून तो एवढासा भागसुद्धा नेमका ठाऊक हवा. इथपर्यंत मी येते तोवर शेजारचा हात धुवायला उठलेला असतो.

तर, आमच्या कॉलेजच्या गच्चीवर ऊन मोजायचं एक यंत्र आहे. एका संशोधन प्रकल्पातून मी ते मागवलं होतं. प्रकल्प दोन वर्षांत संपला, यंत्र राहिलं. दिसायला अगदीच साधं: पांढऱ्या तबकडीच्या मधोमध एकात एक बसवलेले दोन काचेचे घुमट, आणि त्याखाली रुपयाएवढी काळी चकती. चकती उन्हाने तापते, तिच्यातून बारीकशी वीज निघते, आणि खाली प्रयोगशाळेतल्या पेटीत आकडा नोंदला जातो. पोरं त्याला 'गोळा' म्हणतात. आमच्या स्टाफरूममधल्या एका सरांनी तर पहिल्याच वर्षी विचारलं होतं, "मॅडम, ऊन मोजायला यंत्र कशाला? बाहेर जाऊन उभं राहिलं की कळतं." त्यावर सगळे हसले. मीही हसले, कारण तेव्हा या कॉलेजात मी नवीन होते.

गच्चीवरचं यंत्र सूर्यातला हजारातला भाग पकडू शकत नाही, हे मला माहीत होतं. सूर्यावरून निघालेलं ऊन वेगळं आणि धूळ, धूर, ढग यांतून गाळून आमच्या गच्चीवर पोचलेलं ऊन वेगळं. निघालेलं उपग्रह मोजतो, पोचलेलं माझ्यासारखं कुणीतरी मोजतं, आणि मॉडेलला दोन्ही लागतात. कारण मॉडेल मधल्या हवेचं गणित करतं, आणि ते गणित बरोबर आलं की नाही हे शेवटी जमिनीवरच बघावं लागतं. तरी मी मनाशी ठरवलं होतं की सूर्याच्या एका चढउताराएवढी, म्हणजे अकरा वर्षं, नोंद अखंड ठेवायची. याला शास्त्रीय कारण फारसं नव्हतं, हट्ट होता. दुसऱ्या कुठल्या गोष्टीत मी अकरा वर्षं टिकले नव्हते.

अकरा वर्षं पूर्ण झाली आणि त्याच वर्षी पुण्याहून फोन आला. एक तरुण संशोधक होता, हवामानाच्या मॉडेलवर काम करणाऱ्या गटातला. पर्जन्यछायेतल्या आमच्या पट्ट्यात जमिनीवर मोजलेल्या उन्हाची इतकी सलग नोंद त्यांना सापडत नव्हती. आमचं मॉडेल तुमच्या भागात ऊन किती पोचतं ते सांगतं, पण ते खरं की खोटं हे ताडून बघायला आमच्याकडे काही नाही, असं तो म्हणाला. "तुमची नोंद मिळाली तर फार उपयोग होईल, मॅडम."

अकरा वर्षांत कुणी मला असं म्हटलं नव्हतं. मी फोन ठेवला आणि एकटीच हसत बसले. घरी पुरणपोळी केली. कशाबद्दल, असं नवऱ्याने विचारलं तेव्हा मी सांगितलं, आणि तो म्हणाला, "छान. म्हणजे सूर्य वाढलाय का?" मी त्याच्या पोळीवर तूप घातलं नाही.

आकडे पाठवले आणि आठवड्याने त्याचा पुन्हा फोन आला. आवाज जरा जपून वापरलेला.

"मॅडम, दर वर्षी ऑक्टोबरच्या सुमाराला तुमचं ऊन एकदम खाली येतं. मग जूनमध्ये एकदम वर जातं."

मी तयारच होते. म्हटलं, "पाचट. ऊस तोडला की मागे राहिलेला वाळका पाला इकडे शेतातच पेटवतात. तो धूर, ती राख. जूनमध्ये आम्ही यंत्र खाली आणून स्पिरिटनं धुतो, तेव्हा घुमटावर पिवळट थर असतो. मी स्वतः बघते दर वर्षी."

हे मी गावातही सांगितलं होतं. एकदा ग्रामसभेत तो आलेख मोठा करून भिंतीवर लावला होता आणि शेतकऱ्यांना चांगलं झापलं होतं की तुमच्या पाचटानं गावाचं ऊन झाकलं जातंय. कुणी ऐकलं नाही ते सोडा. पण मी बोलले होते, बोट दाखवून.

"हो, पण पाचट एका रात्रीत सगळीकडे पेटत नाही ना?" तो म्हणाला. "इथे घसरण एका दिवसात होते. आणि तारीख दर वर्षी बदलते. कधी ऑक्टोबरच्या सुरुवातीला, कधी जवळजवळ शेवटाला. हवामानात असं काही मला माहीत नाही. तुम्ही जरा बघाल?"

त्याने तारखा वाचून दाखवल्या, मी लिहून घेतल्या. सूर्याशी जुळत नव्हत्या, ढगांशी जुळत नव्हत्या, साखर कारखान्याच्या गाळपाशी तर मुळीच नाही. अधिक महिना आला त्या वर्षी तारीख लांबली होती, हे दिसलं आणि मी कपाळाला हात लावला. तिथीप्रमाणे फिरणारं ऊन! मोबाईलवर जुनी पंचांगं काढली. अकराच्या अकरा तारखा खंडेनवमीच्या, दसऱ्याच्या आदल्या दिवसाच्या.

आमच्या प्रयोगशाळेत खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. गॅल्व्हनोमीटर, दुर्बीण, वजनकाटे सगळे टेबलावर मांडायचे, हळदकुंकू, झेंडूचं फूल, खोबऱ्याचा प्रसाद. पूजा मांडतात ते आमचे मामा. कॉलेजातल्या शिपायांना सगळे मामाच म्हणतात, पण हे माझ्या विभागाचे, पाथर्डीकडच्या कोरडवाहू गावातले, माझ्याहून वर्षभराने मोठे. रोज सकाळी लोखंडी शिडीने वर चढून घुमट पुसण्याचं काम त्यांच्याकडे.

मी त्यांना बोलावलं. "मामा, खंडेनवमीला वरच्या गोळ्याची पूजा करता का?"

"व्हय मॅडम, दरसाली." त्यांचा चेहरा खुलला. "न चुकता."

"कशी?"

"आमच्याकडं कोयत्याची करत्यात तशीच. माझा भाऊ, भावजय ऊसतोडीला जात्यात ना, तर निघायच्या आदी कोयत्याला करडईचं तेल चोळायचं, मंग हळदकुंकू. तेलाबिगर पूजा कशी व्हनार? घरच्या करडईचं आनतो मी, घाण्यावरचं. गोळ्याला बोटानं सगळीकडं सारखं लावतो. लई चमकतो मंग."

"आणि पुसता कधी?"

"पुसतो की रोज. कोरड्या फडक्यानं. पर तेल न्हाई निघत, वाळून बसतंय चांगलं."

करडईचं तेल उन्हात वाळून चामडीसारखा थर धरतं, हे मला शिकवायला कुणी लागत नाही. माझ्या आईच्या तळणीच्या कढईला बाहेरून तसलाच पिवळा थर असायचा. त्यात हळद. त्यावर आठ महिन्यांची धूळ. आणि अकरा वर्षं मी पाचटाला दोष देत होते.

माझा पारा चढला. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे करायला?"

मामा गोंधळले. "तुमीच की मॅडम. पयल्या साली. तुमी नगरला जायला निगाल्ता, हातात पिशवी हुती, आन् जिन्यातनं वरडून म्हन्लात, मामा, वरच्याचीबी करा बरं का, सोडू नका."

मी म्हटलं होतं. मला आठवलंसुद्धा. एसटी चुकत होती.

पण खरा प्रश्न तेलाचा नव्हता. तो मी आजवर कुणाला सांगितला नव्हता. यंत्राजवळ एक वही असते, साफसफाईची. रोज वर जायचं, आकाश कसं आहे ते लिहायचं, घुमट आतून-बाहेरून नीट बघायचा, स्वच्छ केला असं लिहायचं आणि जबाबदार माणसाने सही करायची. पहिली दोन वर्षं मी रोज चढले. खंडेनवमीपासून दिवाळी धरून तीन आठवडे मात्र मी नगरला, माहेरी. आणि परत आल्यावर पिवळट दिसलं तेव्हा मी मनातल्या मनात पाचटाचं नाव घेतलं आणि वर कोरडं फडकं फिरवून खाली आले. मग सकाळी साडेसातचा तास माझ्या गळ्यात पडला, गुडघा धरायला लागला, आणि शिडी सुटली. मामा चढायचे. वही खाली यायची. मी शनिवारी बसून आठवड्याच्या सगळ्या सह्या एकदम करायचे, चहा पिता पिता. 'घुमट पाहिला, स्वच्छ.' खाली माझी सही. नऊ वर्षं, मी न पाहिलेल्या घुमटाखाली.

पुण्याच्या पोराला मी तेलाचं सांगितलं. तो आधी हसला, मग सॉरी म्हणाला. मग म्हणाला, "हे बरं झालं, कारण कळलं. ऑक्टोबर ते जून सोडून देऊ. पावसाळ्याचे महिने तरी ठेवता येतील. फक्त एक फॉर्म भरून द्या: काय चूक झाली, कुणाकडून, आणि बाकी दिवस घुमट रोज तपासला जात होता याची खात्री. वहीच्या प्रती जोडा. सह्या आहेत ना रोजच्या?"

"आहेत," मी म्हटलं.

फॉर्म इंग्रजीत होता आणि चिडवायलाच बनवला असावा तसा. जिल्हा निवडायच्या यादीत नाव जुनं, आमच्या शिक्क्यावर नवं. दोन्ही जुळत नाहीत म्हणून तो तीनदा परत आला. चौथ्यांदा तो पुढे सरकला आणि मग ती ओळ आली: चुकीला जबाबदार व्यक्तीचं नाव व हुद्दा. मी मामांचं पूर्ण नाव लिहिलं. हुद्दा शिपाई. खाली लिहिलं की सदर कर्मचाऱ्याने अज्ञानापोटी, परवानगीशिवाय घुमटावर तेल लावलं. एरवी घुमटाची तपासणी मी रोज करत होते. लिहिताना मला फार काही वाटलं नाही. पावसाळ्याचे चार महिने वाचत होते. अकरा वर्षांतले चार-चार महिने. काहीच न राहण्यापेक्षा ते बरे, आणि मामांचं काय जाणार होतं? पुण्यात त्यांना कोण ओळखतं?

त्यावर प्राचार्यांचा शिक्का हवा होता. छापून घेतलं आणि मामांकडेच दिलं, कारण शिक्क्याची कामं तेच करतात.

ते दारापर्यंत गेले आणि थांबले. मामांना इंग्रजी येत नाही, पण पगाराच्या स्लिपवरचं स्वतःचं नाव त्यांना ओळखता येतं. त्या ओळीवर बोट ठेवून ते परत आले.

"मॅडम, ह्ये माझंच नाव हाय ना?"

"हो."

"आन् ह्यो कागद पुन्याला जानार?"

"हो, मामा."

त्यांनी कागद जरा लांब धरला, पुन्हा जवळ आणला. "म्हंजी आपल्या उनाच्या नोंदीत माझं नाव लागलं." मग जरा लाजून म्हणाले, "ह्याची येक झेराक्स काढू का? घरी दावतो. पोरगी म्हंती, बाबा, तुमी काय करता कॉलेजात, पानी भरता."

मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की काय सांगू. इतकं साधं असू नये माणसाने. मी म्हटलं, "द्या तो इकडे. चुकलंय त्यात."

"काय चुकलं?"

"द्या म्हटलं ना!"

त्यांनी दिला. मी कॉम्प्युटरपुढे बसले आणि जबाबदार व्यक्तीच्या ओळीतून त्यांचं नाव खोडून माझं घातलं. तेल लावायला मीच सांगितलं होतं, असं लिहिलं. मग जे लिहायचं नव्हतं तेही लिहिलं: पहिल्या दोन वर्षांनंतर, जूनमधलं धुणं सोडलं तर, घुमट मी तपासलेला नाही, वहीतल्या सह्या मी न बघता केल्या आहेत. हे लिहिलं की पावसाळ्याचेही महिने जातात, हे मला स्वच्छ कळत होतं. ज्या नोंदीखाली खोटी सही आहे त्या नोंदीचा एकही दिवस कुणी कशाला खरा मानेल? मी मानला नसता.

मामा मागे उभे होते. त्यांनी पडद्यावर बघितलं. "माझं नाव काढलं?"

"काढलं."

"का? मी तर रोज चढतो."

तेव्हा मला त्यांना बसवून सगळं सांगावं लागलं. तेलानं ऊन अडतं, ते आकड्यात येतं, आकडा मॉडेलात गेला की तिकडे वाटतं हवेतच धूळ जास्त आहे, आणि मग पुढचं सगळं गणित कलतं. फॉर्मवरची ती ओळ चूक करणाऱ्याची होती, काम करणाऱ्याची नव्हे. मामा एवढंच म्हणाले, "आकरा वर्सं म्या ऊन झाकलं म्हना की." मी म्हटलं, तुम्ही लावलं, पण बघायचं काम माझं होतं. माझ्या तोंडून हे फार चिडून निघालं, जणू त्यांचीच चूक होती. कागदावर शिक्का घेऊन तो त्याच दिवशी पाठवला.

पुण्याहून चार दिवसांनी ई-मेल आली. सभ्य, छोटी. प्रामाणिकपणाबद्दल आभार, परंतु सदर नोंद मॉडेलच्या पडताळणीसाठी वापरता येणार नाही. मी ती दोनदा वाचली. 'परंतु' या शब्दाचा मला इतका तिटकारा कधी आला नव्हता. निवृत्तीला माझी तीन वर्षं उरलीत, मामांची दोन. सूर्याचा आणखी एक फेरा मोजायला या गच्चीवर आम्ही दोघं नसणार. आमच्या भागात ऊन किती पोचतं हे ते मॉडेल आता अंदाजाने सांगत राहील, आणि ते चुकलं तर चुकलं हे सांगणारी एक जागा होती, ती माझ्या चहाबरोबरच्या सह्यांनी गेली. मला रडू आलं नाही. टेबलावरचं पेपरवेट उचलून आपटावंसं वाटलं, आणि ते मी आपटलं.

आवाज ऐकून मामा आत आले. "घेतलं का त्यांनी?"

"नाही घेतलं. माझ्यामुळं."

ते खिडकीपाशी गेले. उगाच पडदा सारखा केला. मग विचारलं, "मंग आता रोज पुसायचं का न्हाई?"

"पुसायचं नाही तर काय करायचं!" मी खेकसले. मग पर्समधून गुडघ्याचा पट्टा काढला आणि खुर्चीत बसूनच बांधायला लागले. "पण थांबा. शिडी धरा खालून. आधी मी चढते."